पंप चालू होता, पाणी अडलं होतं

माझ्या घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये कोरल, म्हणजे जिवंत प्रवाळ आहेत. त्यातल्या टॉर्च कोरलची टेंटॅकल (स्पर्शिका) एरवी क्षणभर स्वस्थ नसतात. ती खाली लोंबायला लागली, ॲक्रोपोरा या दुसऱ्या कोरलची पॉलिप (फुलांसारखे बारीक जीव) दिवसभर मिटलेली दिसू लागली आणि खडकामागच्या वाळूवर सायनोचा (सायनोबॅक्टेरियाचा) जांभळट लाल थर धरला, तेव्हा मी सगळे करतात तेच केलं. टेस्ट किट काढलं. सॅलिनिटी (खारेपणा) ३५, तापमान २५.५ अंश, अल्कलिनिटी ८.५ डीकेएच, कॅल्शियम ४३०, मॅग्नेशियम १३००च्या आसपास. नायट्रेट आणि फॉस्फेटही नेहमीच्या जागी. लाइटचं वेळापत्रक तेच, तीव्रता तीच.

मग उरला प्रवाह. त्याच्याकडे आपण शेवटी वळतो, कारण त्याचं किट मिळत नाही आणि पंप तर डोळ्यांसमोर चालू दिसतात. माझेही तिन्ही चालू होते. टँक ३५० लिटरचा, खाली साधारण १०० लिटरचा सम्प, म्हणजे हीटर, स्किमर वगैरे ठेवायची दुसरी टाकी. सम्पमधून पाणी वर नेणारा रिटर्न पंप डीसी, खोक्यावर ताशी ३००० लिटर लिहिलेला. टँकच्या दोन बाजूंना पाणी घुसळणारे दोन एसी वेव्हमेकर, प्रत्येकी ताशी ५००० लिटरचे. कंट्रोलरचा दिवा हिरवा, बोट लावलं की तिन्हींची थरथर जाणवते. एवढ्यावर कुणीही समाधान मानेल. पण सायनो नेमका जिथे उजव्या वेव्हमेकरचा झोत खडकाला आपटून मागे वळायला हवा तिथेच आला होता, आणि सायनोला जागा निवडता येते, यावर माझा विश्वास आहे.

पहिली चाचणी अगदी साधी. फ्रोझन खाद्य विरघळवलं आणि लांब पिपेटने वेगवेगळ्या ठिकाणी थोडं थोडं सोडलं. पुढच्या काचेजवळचे कण झपाट्याने निघून गेले. डाव्या बाजूचे गोल फिरत राहिले. खडकामागचे कण मात्र सरळ खाली उतरले आणि वाळूवर बसून राहिले. बाजूला एक हर्मिट क्रॅब होता, त्याची मेजवानी झाली.

कोरलला प्रवाह इतका का लागतो, हे समजलं की पुढची सगळी खटपट का करायची तेही पटतं. कोरलच्या अंगाला लागून पाण्याचा एक अतिशय पातळ, जवळजवळ स्थिर थर असतो. ऑक्सिजन, कार्बन, कॅल्शियम, टाकाऊ पदार्थ, सगळ्यांची ये-जा त्या थरातूनच. बाहेरचा प्रवाह जोरात असेल तर हा थर आणखी पातळ होतो आणि देवाणघेवाण सुरळीत चालते. प्रवाह मंदावला की थर जाड होतो. भर लाइटमध्ये कोरलच्या आतल्या शैवालाने तयार केलेला जादा ऑक्सिजन पेशींपाशीच साठतो, रात्री उलट ऑक्सिजनची चणचण भासते. म्हणजे पाण्याच्या सगळ्या चाचण्या उत्तम आल्या, तरी ते पाणी कोरलपर्यंत पोचत नसेल तर त्या आकड्यांचा त्याला उपयोग नाही. शिवाय खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो. २५ अंशांना, ३५ सॅलिनिटीला, लिटरमागे पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास. गोड्या पाण्यात तो सव्वाआठच्या घरात असतो. हातात फार मोकळीक नसते.

वेव्हमेकर नंतर बघू म्हटलं आणि रिटर्न पंपापासून सुरुवात केली, कारण तिथे नक्की आकडा काढता येतो. सम्पमधल्या रिटर्न कप्प्याची पातळी बघून काही कळेना. ऑटो टॉप-ऑफ (उडून गेलेल्या पाण्याच्या जागी आपोआप गोडं पाणी भरणारं यंत्र) असलेल्या टँकमध्ये ती कळतही नाही. पंप हळूहळू मंदावला की वरच्या टँकमध्ये थोडं कमी पाणी राहतं आणि तेवढं खाली सम्पमध्ये साचतं. पण बाष्पीभवनाने ते वाढलेलं पाणी उडून जातं आणि टॉप-ऑफ पातळी पुन्हा ठरलेल्या रेघेवर धरून ठेवतं. खाली सगळं आलबेल दिसतं. खूण वर होती. टँकचं पाणी खाली सम्पमध्ये सोडणाऱ्या ओव्हरफ्लोच्या दातऱ्यांपाशी काचेवर जुन्या पातळीची मिठाची पांढरी रेघ होती आणि पाणी तिच्यापेक्षा तीन-चार मिलिमीटर खाली वाहत होतं. ओव्हरफ्लोवरून जितकं पाणी जास्त जातं, तितकी त्याच्या कडेवरची पाण्याची जाडी वाढते. रेघ उघडी पडली, याचा अर्थ वर येणारं पाणी कमी झालं.

किती कमी, ते बादलीने सांगितलं. टँकची पातळी स्थिर असताना रिटर्न पंप जितकं पाणी वर चढवतो तितकंच ओव्हरफ्लोच्या पाइपातून खाली येतं. म्हणून मोजमाप खालीच करायचं, वर नोझलपाशी बादली धरायची कसरत नको. पाइपाचं खालचं टोक सोडवून १० लिटरच्या खुणेच्या बादलीत धरलं, लेकाला मोबाइलवर स्टॉपवॉच लावायला सांगितलं. ४० सेकंद. म्हणजे ताशी ९०० लिटर. पंप नवीन बसवला तेव्हा मी सम्पच्या कपाटाच्या दाराला आतून मार्करने लिहून ठेवलं होतं: २४ सेकंद, ३८ वॅट. म्हणजे ताशी १५०० लिटर. खोक्यावरचे ३००० लिटर हे पाणी वर चढवायचंच नसेल तेव्हाचे असतात. दीड मीटरची उंची, तीन एल्बो, एक युनियन (खोलता येणारा जोड), एक चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) एवढं पार करून निम्मं पोचलं तरी ठीक असतं. पण १५००वरून ९०० म्हणजे चाळीस टक्के गेले, आणि पंपाने तक्रार म्हणून केली नाही.

मग प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर लावला. कंट्रोलर पूर्वीच्याच वेगावर ठेवून वाचन आलं २९ वॅट. इथे थोडं थांबते, कारण हा आकडा उलटा वाचला जातो. अडलेली मोटार जास्त वीज ओढते असा सर्वसाधारण समज आहे, आणि रोटर (मोटारीतला फिरणारा चुंबक) कशाला तरी घासत असेल तर तो खराही आहे. पण टँकमधले पंप सेंट्रिफ्युगल, म्हणजे फिरत्या पात्यांनी पाणी बाहेर फेकणारे असतात. त्यांची वीज मुख्यतः पाणी ढकलण्यात खर्च होते. वाट बंद झाली, पाणी कमी ढकललं गेलं, की कामही कमी आणि वॅटही कमी. वॅट उतरले तर आधी वाटेतला अडथळा शोधायचा. वॅट चढले तर घासणारा रोटर. २९ वॅट म्हणजे मोटार ठणठणीत, अडचण जाळी, इम्पेलर (पात्यांचं चाक) किंवा पाइप यांपैकी कुठेतरी. नवीन पंप मागवायचा विचार तिथेच संपला. वेग दोन पायऱ्यांनी वाढवून वेळ मारून नेणं सोपं होतं, कंट्रोलरवर बटण आहेच. पण मग अडथळा वाढत जातो आणि एक दिवस वाढवायला पायरीच उरत नाही.

उघडण्याआधीची तयारी. सम्पमधला हीटर बंद, कारण रिटर्न थांबला की तो फक्त सम्पच तापवत बसतो. टॉप-ऑफ बंद. स्किमरही (फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र) बंद, कारण सम्पची पातळी वाढली की त्याचा कप उतू जातो. वेव्हमेकर मात्र चालूच ठेवले. टँकमधल्या माशांना तोवर तेच हवा पुरवतात, पृष्ठभाग हलता ठेवला की पुरतं. म्हणूनच सगळे पंप एकाच दिवशी धुवायला काढत नाही.

युनियन सोडवून पंप बाहेर काढला. शोषणाच्या जाळीवर करड्या रंगाचे स्पंज वाढले होते, अंधारात आणि वाहत्या पाण्यात त्यांना याहून चांगली जागा मिळणार नाही. जाळीच्या निम्म्याहून जास्त फटी बंद. पुढचं कव्हर फिरवून काढलं तर आतल्या भिंतीवर पांढरट, खरखरीत थर. नखाने निघेना. इम्पेलरच्या पात्यांच्या कडाही जाडावलेल्या, दोन पात्यांमधली खोबण उथळ झालेली. हे कॅल्शियम कार्बोनेट. रीफच्या पाण्यात ते मुळातच मावतं त्यापेक्षा जास्त विरघळलेलं असतं, आणि तापमान वाढलं की त्याची विद्राव्यता वाढायच्या ऐवजी घटते. पंपाचा रोटर नि त्याची विहीर (तो ज्यात बसतो ती पोकळी) ही टँकमधली सगळ्यांत गरम जागा. गीझरच्या कॉइलवर क्षार बसतात, तसेच इथे बसतात. अल्कलिनिटी आणि कॅल्शियम जितकं वर ठेवाल तितक्या लवकर.

रोटर काढताना तो सरळ रेषेत ओढायचा. चुंबकाची ओढ जबरदस्त असते, आणि वाकडा ओढला तर सिरॅमिकचा शाफ्ट खडूसारखा मोडतो. दोन्ही टोकांची रबरी बुशिंग कुठली कुठे होती त्याचा फोटो काढून ठेवला. ती दिसायला सारखी असली तरी एकाला आत खोबण होती. शाफ्टवर नख फिरवून पाहिलं. चर लागला नाही. लागला असता तर तो बदलावाच लागतो, कारण चर पडलेला शाफ्ट इम्पेलरला डगडगतं ठेवतो, आणि पंपाचा खडखडाट सहसा तिथूनच येतो.

साफसफाईला पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं. सायट्रिक ॲसिड असेल तर लिटरला ५०-६० ग्रॅम, तेही चालतं आणि वास येत नाही. सुटे भाग टाकले तसे बारीक बुडबुडे सुटले. कार्बोनेट विरघळतं तेव्हा कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि बुडबुडे थांबले की काम संपलं किंवा ॲसिड संपलं, दोन्हींपैकी एक. थोडं ताजं व्हिनेगर ओतून बघायचं. मग मऊ टूथब्रश, विहिरीसाठी बाटली धुवायचा बारीक ब्रश. लोखंडी घासणी किंवा स्क्रू-ड्रायव्हरचं टोक कधीच नाही. चुंबकावरच्या आवरणाला ओरखडा गेला की पुढे काय होतं ते दुसऱ्या वेव्हमेकरमध्ये बघायला मिळालंच. व्हिनेगरमध्ये ब्लीच मिसळायचं नाही, विषारी क्लोरीन वायू होतो. शेवटी साध्या पाण्याने भरपूर खंगाळून जोडला.

परत बसवला, चालू केला, आणि कंट्रोलर लाल. बिघाड काही नव्हता. इम्पेलरच्या कोठडीत हवा अडकली होती. इम्पेलर हवेतच फिरतो, भार येत नाही, आणि डीसी कंट्रोलर पंप कोरडा चाललाय असं समजून तो बंद करतो. पंप पाण्याखालीच एका बाजूला कलता केला, भक्कन एक मोठा बुडबुडा बाहेर आला, आणि पुन्हा चालू केल्यावर निमूट चालू लागला.

बादली धरली. ३१ सेकंद, ३३ वॅट.

सुधारणा झाली, पण २४ नाही आले. इथे बरेच जण थांबतात, कारण डोळ्यांना फरक दिसत असतो. दारावर लिहिलेला जुना आकडा नसता तर मीही ३१ला उत्तम म्हटलं असतं. ताशी साडेअकराशे लिटर आणि ३३ वॅट. मोटार अजूनही पूर्ण काम करत नव्हती, म्हणजे वाट अजून कुठेतरी अरुंद होती.

पंप वेगळा करून तपासणं हाच उपाय. युनियन सोडवली आणि पंपाच्या तोंडाला थेट एक आखूड नळी लावून सम्पमध्येच चालवला. नळीतून आलेल्या झोताने सम्पमधला अर्धा कचरा ढवळून काढला, वॅट भरपूर चढले. पंप निर्दोष. दोष युनियनच्या वर. तिथे तीन एल्बो, चेक व्हॉल्व्ह आणि वरची नोझल. एल्बो पारदर्शक नसले तरी चेक व्हॉल्व्ह पारदर्शक होता, फक्त त्याच्यावर आतून इतकी पुटं चढली होती की पारदर्शकपणा नावापुरता उरला होता. विजेरी मागून धरली तेव्हा झडपेची सावली दिसली. पंप चालू असताना ती पूर्ण उघडून वरच्या भिंतीला टेकायला हवी. ती अर्ध्यावरच अडकून होती.

व्हॉल्व्ह खोलला. झडपेच्या बिजागरीभोवती बारीक पांढऱ्या वेटोळ्यांची दाटी: स्पायरॉर्बिड, टाचणीच्या डोक्याएवढ्या नळीत राहणारे किडे, दोन मिलिमीटरपेक्षा मोठे फारसे होत नाहीत. टँकला त्यांचा त्रास नसतो. पण इथे त्यांच्या चुनखडी नळ्यांनी बिजागरी जखडून टाकली होती. आणि झडपेच्या आड, वरच्या बाजूने आलेली, एक छोटी गोगलगाय. रिकामा शंख. ती पंपातून वर आलेली असणं शक्य नव्हतं, इम्पेलरने तिचा चुरा केला असता. ती वरून आली होती. वीज गेली की रिटर्न पाइप सायफन होतो आणि नोझल पाण्याखाली असेल तोवर टँकचं पाणी उलटं खाली ओढतो. अशाच कुठल्यातरी वेळी नोझलच्या तोंडाशी बसलेली गोगलगाय आत गेली असणार. म्हणजे ज्या झडपेने उलटं येणारं पाणी थांबवायचं, ती गेले कित्येक आठवडे ना नीट उघडत होती ना नीट मिटत.

तेही व्हिनेगरमध्ये घातलं, बिजागरी मोकळी केली, सगळं जोडलं. २५ सेकंद, ३७ वॅट. टँकमधलं पाणी मिठाच्या जुन्या रेघेला टेकलं.

खाली रिटर्न कप्प्याची पातळी मात्र घसरली. लेक बघत उभा होता. "आई, सम्पमधलं पाणी कमी झालंय. मिठाचं पाणी कालवून ओतू का?" नको म्हटलं, टॉप-ऑफ चालू कर. त्याला ते विचित्र वाटलं, आणि वाटणं साहजिक आहे. पाणी सांडलेलं नव्हतं. पंप मंदावला तसं बाष्पीभवनाने जे दोनेक लिटर पाणी उडालं आणि भरलं गेलं नाही, ते गोडंच होतं. मीठ सगळं टँकमध्येच राहिलेलं. आता ती तूट गोड्या पाण्यानेच भरायची. मिठाचं ओतलं असतं तर सॅलिनिटी वर गेली असती. अर्थात खोलाखोलीत बादलीभर टँकचं पाणी फेकलं असेल तर तेवढं मिठाचंच परत घालायचं. दुसऱ्या दिवशी रिफ्रॅक्टोमीटरने सॅलिनिटी बघितली, ३५वर होती.

तासभर टँकमध्ये बारीक बुडबुड्यांचं धुकं राहिलं. पाइपात अडकलेली हवा निघून जाईपर्यंत ते असतंच. पण ते दुसऱ्या दिवशीही दिसलं तर रिटर्न कप्प्यात पाणी कमी आहे आणि पंप वरून भोवरा करून हवा ओढतोय, किंवा एखादा जोड शोषणाच्या बाजूला हवा घेतोय, असं समजायचं.

आता वेव्हमेकर. खरं तर खडकामागच्या साचलेपणाला मुख्य कारण तेच होते; रिटर्नचे ताशी १५०० लिटर म्हणजे टँकच्या पाण्याच्या जेमतेम चार पट, खरा प्रवाह या दोघांच्या १०,००० लिटरचा. पण त्यांना बादली लावता येत नाही. तिथे वॅट, कान आणि खाद्याचे कण, एवढ्यावर काम चालतं.

डावीकडचा चालू होता तेव्हा छान चालायचा. प्लग काढून पुन्हा लावला तर टक्, टक्, टक्, आणि जागच्या जागी हलत राहायचा. पाचसहा वेळा अडखळून मग एकदम पकड घ्यायचा. यामागची यांत्रिकी गमतीची आहे. या जातीच्या एसी मोटारीला दिशा नसते, चुंबक सुरुवातीला कुठल्याही बाजूला उसळी मारतो. पाण्यात पंख्याचं ओझं घेऊन त्याला ती पहिली उसळी झेपत नाही, म्हणून पंखा चुंबकाला पक्का जोडलेला नसतोच. मध्ये बऱ्यापैकी मोकळीक ठेवलेली असते. चुंबक आधी रिकामा फिरून वेग धरतो आणि मग त्याचा खटका पंख्याला धडकून त्याला ओढून नेतो. हातात धरून पंखा हलवला की ती मोकळीक बोटांना जाणवायला हवी. माझ्या पंख्याला ती जाणवेना. खटक्याच्या खोबणीत गाळ आणि चुना मिळून घट्ट लगदा झाला होता, त्यामुळे चुंबकाला पहिल्या क्षणापासून पूर्ण ओझं उचलावं लागत होतं. नुसता बाहेरून धुऊन हे निघत नाही. रात्रभर पातळ व्हिनेगरमध्ये ठेवला, सकाळी पंखा बोटाने फिरवला तर खुळ्ळ करून मोकळा फिरला. त्यानंतर प्लग लावताच चालू. वीज जाऊन आल्यावर जो वेव्हमेकर उठतच नाही, त्याची निम्मी प्रकरणं इथे मिटतील असा माझा अंदाज आहे.

उजवीकडच्याचे वॅट वाढलेले होते. पाटीवर १० लिहिलेत, मीटर १३ दाखवत होता, आणि कान लावला की गुरगुर. म्हणजे घासणारा रोटर. बाहेर काढायला गेले तर तो विहिरीतून निघेना. निघाला तेव्हा चुंबकाच्या आवरणाला एका बाजूला फुगवटा, त्यावर केसाएवढी भेग, आणि भेगेच्या कडेला तपकिरी डाग. चुंबकावर इपॉक्सीचं किंवा प्लॅस्टिकचं आवरण असतं. त्याला भेग गेली की खारं पाणी आत शिरतं, आतला धातू गंजतो, गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतो आणि आवरण फुगतं. मग तो विहिरीच्या भिंतीला घासतो, घासून तापतो, भेग आणखी रुंदावते. व्हिनेगर इथे कामाचं नाही, उलट उघड्या धातूला ते खातं. असा रोटर घासूनपुसून परत घालणं म्हणजे टँकमध्ये लोखंड आणि त्यासोबतचे इतर धातू सोडत राहणं. माझ्याकडे जादा रोटर होता, तो घातला. गंजाचं पाणी किती गेलं असेल ते सांगता येत नव्हतं, म्हणून २० टक्के पाणी बदललं आणि सम्पमध्ये कार्बनची पिशवी ठेवली.

नवा रोटर घातल्यावर त्याचा झोत बघून मीच दचकले. इतके दिवस मंद प्रवाहाची सवय झालेल्या टॉर्चवर तो सरळ आदळला असता तर त्याचं मऊ मांस सांगाड्याच्या धारदार कडेवर घासून फाटलं असतं. म्हणून पहिले काही दिवस वेव्हमेकरचं तोंड पृष्ठभागाकडे आणि मग रोज थोडं थोडं खाली. तरीही मागचा साचलेला गाळ उठलाच. दोन दिवस टँक गढूळ, फिल्टर सॉक (पाणी गाळायची पिशवी) एरवीपेक्षा कितीतरी लवकर भरत होता. तो गाळ तसाही काढायचाच होता. खडकामागे पिपेटने फुंकर मारत गेले आणि सॉक बदलत गेले.

ॲक्रोपोरा सगळ्यांत आधी सुधारला, लाइट बंद झाल्यावर पॉलिप बाहेर यायला लागली आणि मग दिवसाही. टॉर्चला थोडा जास्त वेळ लागला. सायनोचा थर मी नळीने ओढून काढला. तो परत आला, पण विरळ, आणि दर वेळी आधीपेक्षा लहान. औषध घातलं नाही. औषधाने सायनो एकदम मेला की त्या मृत थरामुळे रात्री ऑक्सिजन खाली जातो, आणि ज्या टँकच्या प्रवाहाला नुकताच कुठे जीव आलाय त्यात मला ते नको होतं.

राहता राहिला चेक व्हॉल्व्ह. तो शेवटी काढूनच टाकला. साफ केल्यानंतर तो चांगला चालला असता, पण कधीपर्यंत, हे तो आधी सांगत नाही, आणि ज्या गोष्टीवर जमीन कोरडी राहणं अवलंबून आहे ती अशी नसावी. त्याच्या जागी सरळ पाइप टाकला, नोझलच्या बाजूला पाण्याच्या पातळीच्या जेमतेम एक सेंटिमीटर खाली ६ मिलिमीटरचं भोक पाडलं. वीज गेली की पातळी त्या भोकापर्यंत उतरते, हवा आत जाते आणि सायफन तुटतो. मग प्रत्यक्ष प्लग काढून पाहिलं. टँकमधून, ओव्हरफ्लोच्या खोक्यातून आणि पाइपांतून मिळून १८ लिटरच्या आसपास पाणी खाली आलं, सम्पची पातळी ७ सेंटिमीटर चढली, आणि कडेपर्यंत ३ सेंटिमीटर जागा शिल्लक राहिली. सॉकेटकडे जाणाऱ्या सगळ्या वायरींना खाली झोळ दिला, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगपर्यंत न जाता झोळावरून खाली टपकतं.

व्हॉल्व्ह गेल्यावर १० लिटरची बादली २३ सेकंदांत भरली. दारावरचा २४चा आकडा खोडून २३ आणि ३९ वॅट लिहिले, खाली दोन्ही वेव्हमेकरचे वॅट. आता आठवड्याला काचा पुसताना मीटरवर नजर टाकते, दोन-तीन वॅट हलले की बादली काढते, आणि त्याच हाताने भोकात टूथपिक फिरवते, कारण कोरलाइन शैवाल ते बुजवायला टपलेलंच असतं.